पाय मागे घेणारी माणसं

गवत कापायला सुरुवात झाली की मला ते आधी नाकाने कळतं. दिवाळी उरकलेली असते, भात खळ्यावर आलेलं असतं आणि चारोटीकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे तो ओलसर, गोडसर वास रेंगाळत राहतो. डहाणूत आमच्या घरापर्यंत पोचेस्तोवर त्यात किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वासही मिसळतो. बायको नाक मुरडून खिडकी लावून घेते. ती स्वयंपाकघरात गेली की मी ती हळूच उघडतो. त्या वासाने मला बरं वाटतं म्हणून नव्हे. खरं तर लाज वाटते, कानाच्या पाळ्या गरम होतात. तरी उघडतो.

यंदा याच दिवसांत तलासरीला नवा वर्ग सुरू झाला. डोळ्यांनी न दिसणाऱ्या किंवा अगदी कमी दिसणाऱ्या माणसांना मालिश आणि व्यायामोपचाराचं काम शिकवणारा वर्ग. मला ज्यांनी शिकवलं त्या हेमाबेनचा फोन आला. "साहेब, पहिल्या दिवशी या ने. नवीन लोक घाबरलेले असतात. तुमचा अनुभव सांगा, तेवढाच धीर येईल." मी गेलो, बोललो. जिद्द, आत्मविश्वास, स्वावलंबन असे कचेरीतल्या निरोपसमारंभात वापरायचे शब्द वापरले. टाळ्याही पडल्या. पण सांगण्यासारखं होतं ते घशातच राहिलं, आणि परतीच्या जीपमध्ये मला स्वतःचा राग येत राहिला. ते इथे लिहितो. मी बोलतो, फोन लिहून घेतो आणि मग मला वाचून दाखवतो. त्याच्या कोरड्या आवाजात आपली फजिती दुसऱ्या कुणाची तरी वाटते, ही एक सोय आहे.

मी डहाणूला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. रेशनकार्डाच्या खिडकीपलीकडचा. काचबिंदू झाला तेव्हा कडेची माणसं आधी नाहीशी झाली, मग समोरची अर्धीमुर्धी दिसू लागली. मला नोकरीवरून कुणी काढू शकलं नसतं. कायदा माझ्या बाजूने होता आणि वरचे साहेबही भले होते. पण मला एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवतील, शिपाई हाताला धरून चहापर्यंत नेईल आणि खिडकीतून लोक बघतील, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा यायचा. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या भाषणात "आता शेतीकडे लक्ष देणार आहे" असं ठोकून दिलं. आमची शेती म्हणजे परसातली दोन चिकूची झाडं.

न दिसण्यापेक्षा न दिसणं लपवण्याचेच कष्ट फार. रस्त्यात कुणी "काय साहेब, बरंय ना?" म्हणालं की मी ओळख पटल्यासारखा तोंडभर हसायचो आणि "घरचे कसे आहेत?" विचारायचो. घर सगळ्यांनाच असतं, म्हणून तो प्रश्न कधी चुकत नसे. हातात घड्याळ घालायचो. कुणी वेळ विचारली तर मनगट डोळ्यांसमोर धरून अंदाजाने सांगायचो. एकदा बाजारात मी एका माणसाची बराच वेळ विचारपूस केली आणि तो बापडा म्हणाला, "साहेब, मी फोनवर बोलतोय." आता सांगताना हसू येतं. तेव्हा घरी येऊन मी जेवलो नव्हतो.

सुलभा, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा कासाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात. ती शाळेत गेली की घरात मी आणि पंखा. पंख्याची एक पाती कुठेतरी घासायची, त्या आवाजाने दुपार मोजायची आणि संध्याकाळी तिच्या चपलांच्या आवाजाची वाट बघायची, असं दोन वर्षं चाललं. मी माणसातून उठत चाललो होतो हे तिला माझ्याआधी कळलं. कासाच्या बाजाराच्या मागे एका संस्थेने वर्ग काढलाय, हेही तिनेच शोधून आणलं. ज्या संध्याकाळी तिने ते सांगितलं त्याच संध्याकाळी पुढचं वाक्यही सांगितलं.

"विचारलं कुणी तर कॉम्प्युटरचा क्लास म्हणायचं."

मी लगेच हो म्हटलं. तिने सुचवलं म्हणून नव्हे. माझ्याही मनात तेच होतं. मालिश हा शब्द आमच्या घरात आजवर फक्त बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत आला होता. ते करणाऱ्या बाईला दारात चहा दिला जायचा. तिचा कप वेगळा होता, हे लिहितानाही जीभ जड होते.

तर तो गवताचा हंगाम. सकाळी आम्ही दोघं काळी-पिवळी जीप धरायचो. कुठे आलो ते मला वासावरून कळायचं. आधी मासळी, मग वाड्यांमधला पिकलेल्या चिकूंचा दाट गोडवा, आशागड मागे पडलं की गवत, आणि चारोटीच्या नाक्यावर नुसता डिझेलचा धूर. मी खिडकीकडे तोंड करून बाहेर बघतोय असं भासवायचो. माझी पांढरी काठी घडी करून डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याखाली ठेवलेली असे. कासाला सुलभा माझ्याबरोबर उतरायची, एका शिंप्याच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत सोडायची आणि मग शाळेसाठी उलट दिशेची जीप पकडायची. ती गेली की मी भिंतीला हात लावत गल्लीतून आत जायचो. काठी वर्गाच्या दारात उघडायचो. ज्या खोलीत कुणालाच दिसत नव्हतं, तिथे मला काठीची लाज वाटत नसे.

हेमाबेन उंबरगावकडच्या, मराठीत गुजराती मिसळून बोलणाऱ्या. जन्मापासून न दिसणाऱ्या. आवाज असा की वर्गातल्या गप्पा एका "चालो" मध्ये बंद व्हायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना आधी काय काय शिकून झालंय ते विचारलं. कुणी खुर्च्या विणायला शिकलं होतं, कुणी टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला होता. वेवजीची रमीला, विशीतली मुलगी, मेणबत्त्या करायला शिकली होती.

"मग विकल्या?" हेमाबेननी विचारलं.

"नाय बाई. घरात खोकाभर हाय. लाईट गेली तरी आमाला चिंता नाय."

सगळे हसले. हेमाबेन हसल्या नाहीत. "हेच तर. खुर्च्या आता प्लास्टिकच्या, आणि टेलिफोन ऑपरेटर रह्या कुठे? आपल्याला जे शिकवतात ते बधुं, सगळं, कोणीतरी दया येऊन घ्यायचं. दिवाळीला एक मेणबत्ती घेतली, पुण्य मिळालं. आपल्याला पुण्यवाला गिऱ्हाईक नको. ज्याची पाठ दुखते तो गिऱ्हाईक जोइए. तो परत येतो." त्या थायलंडला शिक्षकांच्या एका शिबिराला जाऊन आल्या होत्या. तिथे नेपाळ, कंबोडिया, व्हिएतनाम अशा कुठून कुठून आलेल्या न दिसणाऱ्या मालिशवाल्यांबरोबर त्या एका टेबलावर जेवल्या होत्या. जपानमध्ये तर हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तिथे माणसं या हातांसाठी आधी वेळ मागून घेतात, असं त्या सांगायच्या. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, असेल बाई, पण ते डहाणू नाही.

पाठ मला लवकर जमली. खांदे जमले, मान जमली. खोबरेल तळहातावर कोमट करून घ्यायचं, अंगठ्याचा जोर हाडावर द्यायचा नाही, हात एकदा टेकवला की उगाच उचलायचा नाही, कारण हात उचलला की पडलेला माणूस बावरतो. हे सगळं मला आवडायला लागलं होतं. माझ्या हाताखाली कुणाची तरी आखडलेली पाठ सैल झाली की पंख्याचा तो घासणारा आवाज डोक्यातून जायचा. चारोटीच्या एका डॉक्टरांच्या व्यायामोपचाराच्या खोलीत मदतनीसाची एक जागा होती. त्यांनी हेमाबेनला कळवलं होतं की परीक्षेत चांगला ठरेल त्याला घेऊ. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की रात्री देवापुढे हात जोडताना मी डोळ्यांचं मागणं सोडून तिचं मागायला लागलो होतो.

अडलं ते पायांशी.

गवत कापणाऱ्यांची कंबर आणि पोटऱ्या दिवसभर वाकून दगड होतात. म्हणून हेमाबेननी बाजाराच्या दिवशी फुकट मालिशची सोय ठेवली. आम्हाला हात बसवायला माणसं मिळणार, त्यांना आराम. पहिल्याच बाजाराला माझ्या बाकावर कैनाडचे एक म्हातारे आले. देवजीबाबा. आवाजावरून मी ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं.

"साहेब? रेशनचे साहेब ना तुमी?"

मी हो म्हटलं. आजूबाजूच्या बाकांवरचं बोलणं थांबल्यासारखं वाटलं.

"तुमचे डोले गेले काय?"

इतक्या सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. नातेवाईक "तब्येत कशी?" म्हणायचे, शेजारी "हल्ली बाहेर दिसत नाही" म्हणायचे. मी म्हटलं, "गेले." त्यांनी चुकचुक केली आणि पालथे झाले. पाठ होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी खाली सरकून त्यांचा पाय हातात घेतला आणि तो झटकन माझ्या हातातून गेला.

"नको साहेब. पायाला नको. आमाला पाप लागल."

मी समजावलं, औषध आहे, शिक्षण आहे. शेवटी त्यांनी पाय दिला, पण एखाद्या लाकडासारखा ताठ. मीही कसाबसा तेल लावून मोकळा झालो. आणि मग माणूस करील तेच त्यांनी केलं. आपल्या पायाला मोठ्या माणसाचा हात लागला म्हणून ते उठून माझ्या पायाशी नमस्काराला वाकले. मला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी नेमका तेलाची बाटली उचलायला वाकलो. दोघांची डोकी अशी आपटली की पलीकडून रमीलाने विचारलं, "काय फुटलं?"

देवजीबाबा कपाळ चोळत म्हणाले, "आता दोगांना पाप लागला, साहेब."

लोक पोट धरून हसले. मीही हसल्यासारखं केलं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी झाली असणार, कारण पुढच्या बाजाराला माझ्या बाकावर जो येई तो आधीच सांगे, "साहेब, पाठ करा. पाय नको." रमीलाच्या बाकावर तीच माणसं खुशाल पाय पसरून घोरायची. खिडकीपलीकडे ज्यांना मी थांबा म्हणायचो, उद्या या म्हणायचो, ते आता माझ्यापुढे पाय आखडून घ्यायचे. ते आदराने घेत होते हे मला समजत होतं. पण त्या आदराखाली माझं जे काय झालं होतं ते झाकलेलं राहत नव्हतं. उलट जास्तच उघडं पडायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि खरं सांगायचं तर दोष फक्त त्यांच्या संकोचाचा नव्हता. पाय हातात आला की माझीच बोटं आखडायची. चिखलाचा, गवताच्या काडीने कापलेला, उन्हाने तापलेला पाय. माझ्या आतला कारकून उठून बसायचा. हेमाबेन माझ्या हातावर हात ठेवून तपासायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. "पाठ तर बधा, सगळेच करे, साहेब. परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस येणार. तो पायच करायला लावणार. काय दाखवशो?"

रमीला तर सरळच म्हणाली, "साहेब, तुमी पाय धरता का उंदीर धरता?"

तिच्याही घरी सगळं आलबेल नव्हतं. मुलगी मालिश शिकते हे वेवजीत कसं सांगणार, म्हणून तिचा भाऊ लोकांना "दवाखान्यात नर्सचं शिकते" म्हणायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मला हे सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या घरी काय सांगतात?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." ती बराच वेळ हसत होती. आम्ही दोघं एका खोलीत तेच काम शिकत होतो आणि बाहेर तिची नर्स झाली होती, माझा कॉम्प्युटर. आता तीच तलासरीच्या वर्गात हेमाबेनच्या हाताखाली शिकवते. परवा तिने माझं भाषण संपल्यावर जवळ येऊन विचारलं, "साहेब, खरं कधी सांगणार?" मी विषय बदलला.

ते खरं एका रविवारचं आहे.

परीक्षा दोन-चार दिवसांवर आली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, मुलंही बरोबर जातात. मग त्यांना मागे ठेवून घ्यायला शिक्षक घराघरांतून हिंडतात. आदल्या दिवशी सुलभा दिवसभर तशी हिंडून आली होती. परतताना जीप मिळाली नाही म्हणून बरंच चाललीही होती. रविवारी दुपारी भांडी घासताना तिचं मध्येच थांबणं मला ऐकू आलं. नळ चालू, भांड्याचा आवाज नाही. मग पाय घासत येऊन ती पलंगावर बसली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"होईल बरं."

"मी करून देऊ?"

ती स्वतःच पाय चोळत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी परत विचारलं.

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "बाहेरच्यांचं करा. नवऱ्याने बायकोचे पाय धरायचे, मला नाही सोसायचं ते."

"सुलभा, परीक्षेत पायच करायला लावणार आहेत. एकाही पायावर माझा हात नीट बसलेला नाही. सगळे पाय मागे घेतात. मी नापास होईन."

पंखा घासत होता. आणखी बोललो असतो तर रडलो असतो. मग ती उठली. लंगडत दाराकडे गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला. मग पडद्याच्या कड्या सरकल्या. भर दुपारी, नवरा-बायको दोघंच घरात, आणि तिने कुणी बघू नये म्हणून दार-खिडकी बंद केली. मी चाचपडत खोबरेलाची बाटली शोधून काढली.

"लवकर आटपा," ती म्हणाली. "शेजारच्या वहिनी येतील."

मी खाली बसलो. पाय हातात घेतला. तोही ताठच होता. पोटरीपासून सुरुवात केली, शिकवल्याप्रमाणे, हात न उचलता. हळूहळू घोट्याशी आलो, मग टाचेशी. टाचेला भेगा होत्या, बोटाला कडा लागतील इतक्या खोल. तळव्यावरून अंगठा फिरवत बोटांपर्यंत पोचलो, आणि करंगळीशी थांबलो. ती शेजारच्या बोटावर चढलेली होती, मुळाशी हाडाची गाठ. मोडून वाकडी जुळलेली करंगळी.

"हे कधी झालं?"

"काय?"

"ही करंगळी. मोडलीय ही."

"ती होय. अमोल रांगत होता तेव्हा. वरवंटा पडला होता."

आमचा अमोल आता पुण्याला नोकरी करतो. मी म्हटलं, "मला कसं नाही सांगितलंस?"

ती अगदी सहज, भाजीत मीठ आहे का विचारावं तितक्या सहज म्हणाली, "अहो, मलम तुम्हीच आणून दिलं होतंत."

मला मलम आठवलं. खरंच आठवलं. औषधाचं दुकान आठवलं, दुकानात रेडिओवर चाललेली मॅच आठवली, कोण आउट झालं यावरून दुकानदाराशी घातलेला वाद आठवला. घरी येऊन ट्यूब टेबलावर ठेवली तेही आठवलं. पाय आठवला नाही. कितीही आठवलं तरी त्या टेबलाच्या खाली, साडीच्या काठाखाली कुठे तो पाय असेल तिथपर्यंत माझी नजर गेलेलीच नव्हती. आणि तेव्हा मला लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरंही वाचता यायची.

जीपमध्ये, बाजारात, देवजीबाबांच्या समोर मला जी लाज वाटत आली होती, ती लोक काय म्हणतील याची होती. ही तशी नव्हती. दार बंद होतं, पडदा ओढलेला होता, कुणी काही म्हणणार नव्हतं. जी म्हणू शकली असती तिनेही काही म्हटलं नाही. तरी माझी मान खाली गेली ती वर येईना. मी ती करंगळी धरून बसलो होतो आणि बोटं आखडत नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

परीक्षेचं विचाराल तर पास झालो. चारोटीच्या खोलीत आता रोज सकाळी मी बाक पुसतो, चादर बदलतो. माणसं पाय देतात, मी घेतो. काठी उघडी धरून जीपमध्ये चढतो. पण तलासरीच्या त्या नव्या लोकांना हे कसं सांगायचं, की मला ज्या दिवशी हे काम आलं त्या दिवशी अभिमान वाटला नव्हता.

त्या दुपारी सुलभाने पाय हलवला. "झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "दुसरा दे."